अन्नभोग आणि स्नानभोग

कल्याणीच्या चालुक्यवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने शके १०५१ मध्ये, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या नावाचा जो विश्वकोशवजा ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या तिसऱ्या विंशतीत राजाने उपभोगावयाच्या वीस सुखांचे सविस्तर वर्णन आहे. आणि त्या वीस सुखांचा क्रम वाचताना आजच्या वाचकाला प्रथम जाणवते ते हे, की ज्या गोष्टी आपण निरनिराळ्या दुकानांतून, निरनिराळ्या प्रयोजनांनी विकत आणतो त्या सर्व ग्रंथकाराने एकाच ओळीत बसविल्या आहेत. गृहभोगामागोमाग स्नानभोग येतो, तांबूलापाठोपाठ विलेपन येते, वस्त्र, माल्य आणि भूषा यांच्या पुढे काही अंतरावर अन्न आणि पानीय येतात, आणि पानीयाला लागूनच पादाभ्यंग, म्हणजे पायांना तेल चोळणे, येऊन बसते. अन्नभोगात मांडे, पुऱ्या आणि दुधात मुरविलेले वडे ज्या आस्थेने सांगितले आहेत, त्याच आस्थेने स्नानभोगात सुवासिक तैल, मर्दन, उद्वर्तन आणि उष्णोदक सांगितले आहे. शरीराच्या आत जाणारे द्रव्य आणि शरीराच्या वर लागणारे द्रव्य यांच्यामध्ये भिंत घालण्याचे ग्रंथकाराच्या मनातही आलेले दिसत नाही. ज्या ग्रंथात मराठीतील गीतपंक्तींनाही स्थान मिळाले, त्याला आपण मराठी गृहजीवनाच्या इतिहासाचा एक आद्य साक्षीदार मानण्यास प्रत्यवाय नसावा.

तथापि राजाच्या मुदबखातील आणि स्नानगृहातील थाट प्रजेच्या माजघराला जसाच्या तसा लागू करणे हा इतिहासलेखनातील नेहमीचा प्रमाद होय. सोमेश्वराच्या अंगाला जे तेल लागत होते ते त्याच्या राज्यातील कुणब्याच्या अंगाला लागत नव्हते, हे सांगावयास पुरावा नको. म्हणून दरबाराकडून खाली येऊन अधिक साध्या साक्षीकडे वळावे लागते, आणि ती साक्ष महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त सापडते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या आठवणींत चक्रधरस्वामींची दिनचर्या पुनःपुन्हा येते, आणि तीत मर्दना, मादणे आणि आरोगणा, म्हणजे अंग चोळणे, न्हाणे आणि जेवण, ही एकापुढे एक अशी येतात. स्वामींची ही सेवा करणाऱ्यांत बाइसा अग्रभागी आहेत. अंगाला लावावयाचे आणि ताटात वाढावयाचे असे दोन निराळे विभाग त्या काळच्या गृहव्यवस्थेत नव्हते. दोन्ही एकाच घराच्या, बहुधा एकाच हाताच्या स्वाधीन होते.

शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेतही हाच समज मुरलेला दिसतो. सभासदाने आपल्या बखरीत जे बारा महाल आणि अठरा कारखाने नोंदविले आहेत त्यांत कोठी हा एक स्वतंत्र महाल असून मुदबख, शरबतखाना आणि आबदारखाना हे स्वतंत्र कारखाने आहेत. आणि महाराजांच्या आज्ञेने, रघुनाथपंत हणमंत्यांच्या हाताखाली, १६७७ च्या सुमारास जो ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला त्याच्या दहा वर्गांपैकी भोग्यवर्गात खाण्यापिण्याची आणि अंगाला लावण्याची द्रव्ये शेजारी शेजारी नांदतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तंजावरात व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, ज्यात अन्नाचे गुणदोष वैद्यकाच्या दृष्टीने तपासले आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी या नवहस्तांचा जसा मागोवा घेतला, तसाच गंगाधराच्या ‘गंधसारा’चा आणि त्याच पोथीतील ‘गंधवाद’ नामक निनावी ग्रंथाचाही घेतला. ‘गंधवादा’ला मराठी टीका जोडलेली आहे, ही गोष्ट मला त्यातील कोणत्याही कृतीपेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण सुगंधी तेले आणि उटणी कशी करावी हे मराठीत उलगडून सांगण्याची गरज कोणाला तरी पडली होती, आणि ज्याला ती पडली तो संस्कृतज्ञ पंडित नसून प्रत्यक्ष कुटणारा-गाळणारा मनुष्य असला पाहिजे.

ग्रंथांची ही साक्ष येथवर पुरे. खरा इतिहास घडला तो कोठीच्या खोलीत, आणि तिथला सर्वांत जुना व सर्वांत उद्योगी कारभारी म्हणजे हळद.

मराठी मुलुखात हळदीची मोठी पेठ सांगली, आणि त्या पेठेची तिजोरी कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर. तेथील जमिनीत खोल खणलेल्या पेवांतून हळकुंडे साठविण्याची जी पद्धती होती, तिला तोड नव्हती. मातीचा पोतच असा की आत ओल शिरत नसे, कीड लागत नसे. पेव गवताने-पाल्याने आतून मढवून, हळद भरून, तोंड मातीने लिंपून बंद केले की माल वर्षानुवर्षे जसाच्या तसा राही, आणि दर चढेपर्यंत व्यापारी स्वस्थ बसू शके. पेव उघडणे हे मात्र जोखमीचे काम. आत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत खाली उतरण्याची घाई करणाराला जिवावर बेते, म्हणून पेवकरी हमाल हा स्वतंत्र कसबाचा मनुष्य मानला जाई. २००५ च्या महापुराने या पेवांची मोठी हानी केली आणि व्यापार गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले ते त्यानंतर, २०१८ मध्ये.

या पेवांतून निघालेले हळकुंड घरी आले की त्याच्या वाटा फुटत. मोठा वाटा दळून फोडणीसाठी डब्यात जाई. थोडी हळकुंडे कुंकवासाठी वेगळी काढीत. कुंकू करण्याची घरगुती रीत अशी, की निवडक हळकुंडे फोडून लिंबाच्या रसात टाकणखारासह भिजत घालावी, रस पुरता मुरला की सावलीत वाळवावी, आणि मग कुटून वस्त्रगाळ करावी. पिवळे हळकुंड या प्रक्रियेत आतपर्यंत तांबडे होते, कारण हळदीतील रंगद्रव्याचा स्वभावच असा की टाकणखारासारख्या द्रव्याशी गाठ पडताच ते रंग पालटते. ज्या गृहिणीच्या पातळावर हळदीचा डाग पडला आणि तो धुताना साबणाने लाल झाला, तिला हे रसायनशास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. कपाळी आधी मेणाचे बोट आणि त्यावर हे कुंकू, असा प्रघात होता. तिसरा वाटा लग्नाचा. घाणा भरताना सुवासिनींनी मुसळाला हळकुंड बांधावयाचे, आणि नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद मुलीकडे पाठवावयाची. आणि आंबेहळद तर दोन्ही घरची पाहुणी. ओली असताना तिचे लोणचे पानाच्या डाव्या बाजूस येते, आणि वाळल्यावर तीच मुका मार लागलेल्या गुडघ्यावर लेप म्हणून किंवा उटण्यात चूर्ण म्हणून जाते. आता हिला अन्न म्हणावे, औषध म्हणावे, की प्रसाधन म्हणावे, हा प्रश्न आजीच्या पिढीला पडल्याचे ऐकिवात नाही. तो पुढे कोणाला पडला, ते यथावकाश येईलच.

देशावर हळदीचे जे स्थान, ते तळकोकणात आणि गोव्यात कोकमाला, ज्याला गोव्यात भिरंड म्हणतात. फळाची साल वाळून आमसूल होते, रसात साखर मुरून अमृतकोकम होते, आगळापासून सोलकढी होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु या सर्वांतून जे उरते, म्हणजे बी, त्याची गोष्ट कोकणाबाहेर फारशी कोणी सांगत नाही. पावसाच्या तोंडाशी गोळा केलेल्या बिया धुऊन, राखेत घोळून वाळत घालावयाच्या. कडक झाल्या की फोलपटे पाखडून आतला गर उखळात कुटावयाचा. ते कूट मोठ्या टोपात पाणी घालून चुलीवर रटरट शिजवावयाचे, आणि आंच ओढून टोप तसाच रात्रभर निवत ठेवावयाचा. सकाळी झाकण काढले की पाण्यावर पिवळसर पांढरा थर घट्ट जमलेला असतो. तो थर काढून, पुन्हा कढवून गाळून, किंचित कोमट असतानाच मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात. मुठीत वळले म्हणून मुठेल, आणि बोटांचे ठसे त्या गोळ्यावर वर्षभर दिसत राहतात. हे तेल सामान्य उष्णतेत घट्ट राहते आणि अंगाच्या उष्णतेहून थोडीशीच अधिक ऊब मिळाली की विरघळते. हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांवर लावण्यासाठी बायका त्याचे टोक दिव्याच्या ज्योतीवर धरीत आणि टपटपणारे थेंब सरळ भेगेत सोडीत. ‘आई गं’ म्हणून पाय ओढून घेतला तरी दुसऱ्या रात्री तोच पाय पुन्हा पुढे येई. ओठ फुटले की बोटाने चोळावयाचे तेही हेच. आणि तूप परवडत नसलेल्या घरी, कढत भातावर किसून घालावयाचे तेही हेच. पोटात घेतल्याने आंव पडणे थांबते असा वृद्धांचा अनुभव होता. एकच गोळा, एकाच शिंक्यात. भाताला, ओठाला, टाचेला आणि पोटाला पुरणारा.

खोबरेल तेलाचीही हीच कथा, फक्त त्याचा पसारा मोठा. तेल्याच्या लाकडी घाण्यावरून आलेले ताजे खोबरेल निम्मे फोडणीच्या बुधलीत आणि निम्मे माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुले घालून मंदाग्नीवर कढविण्यास जाई. रस जळून तेल उरले की नाही हे चुरचुर थांबल्यावरून ओळखावयाचे, आणि ती खूण पुरणासाठी तूप कढविणाऱ्या बाईला आधीच ठाऊक असे. देशावर खोबरेलाची जागा करडई, तीळ आणि शेंगदाणा यांनी वाटून घेतली होती. काजळ घरी धरीत. एरंडेलाच्या वातीवर तांब्याची तबकडी पालथी घालून जमलेली काजळी लोण्या-तुपात खलावयाची, आणि पहिले बोट तान्ह्याच्या डोळ्यात. ज्या सहाणेवर देवासाठी चंदन उगाळले जाई, तशाच सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग यांचे ठरावीक वेढे घेऊन बाळाची गुटी होई. आणि बाळंतिणीच्या खोलीत तर अन्न, औषध आणि अंगराग यांची सरमिसळ इतकी पुरी की डिंकाचे लाडू कोठे संपतात आणि शेकशेगडी कोठे सुरू होते ते सांगता येऊ नये. बाळंतशोपा विड्याबरोबर तोंडात, ओव्याची धुरी अंगाला, आणि मसुरीच्या डाळीचे पीठ सायीत कालवून बाळाच्या लवेला.

दिवाळीचे उटणे हा या सर्व कारभाराचा वार्षिक ताळेबंद. नागरमोथा, वाळा, कचोरा, गव्हला, आंबेहळद, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची वाळलेली साल, मुलतानी माती. प्रत्येक घरची यादी थोडी निराळी आणि प्रत्येक घरचा हट्ट मात्र तोच, की खरे उटणे आमचेच. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरगुती म्हणजे घरच्या परसातले, असे आज समजले जाते. परंतु उटण्याच्या यादीतील चंदन कर्नाटकाच्या जंगलातून येई, सुवासिक कपूरकाचरी हिमालयाच्या उतारावरून येई, आणि मुलतानी मातीचा मुलूख तर तिच्या नावावरच लिहिलेला आहे. लमाणांचे तांडे, बंदरांवरील जकाती, पेठेतील वाणी आणि काष्ठौषधींचे दुकानदार यांची मोठी साखळी त्या एका वाटीमागे उभी होती. घरी होई ते निवडणे, वाळविणे, कुटणे, चाळणे. आणि हे करावयास जी अवजारे लागत ती अन्नाचीच. सूप तेच, उखळ-मुसळ तेच, वस्त्रगाळ करावयाचे जुन्या धोतराचे फडके तेच. भाजणीचे आणि मेतकुटाचे सामान ज्या अंगणात उन्हे खाई त्याच अंगणात, थोडे पलीकडे, संत्र्याच्या साली. उटणे मागाहून कुटावयाचे एवढाच दंडक, नाही तर मेतकुटाला नागरमोथ्याचा वास.

नरकचतुर्दशीला चंद्र असताना उठावयाचे, बंबातले पाणी कढत असावयाचे, आईने किंवा बहिणीने तेल चोळून उटणे लावावयाचे, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे, आणि दोन तांबे झाले की मध्येच ओवाळावयाचे, मग फराळ. या क्रमातील फराळाची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. स्नान हा त्या दिवशीच्या जेवणाचाच पहिला पदार्थ असल्याप्रमाणे पंक्तीत येतो. आश्विनअखेरच्या थंडीत कोरडी पडू लागलेली कातडी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा जागा झालेला जठराग्नी या दोहोंचा समाचार एकाच सकाळी घेणारा हा सण ज्यांनी बसविला, त्यांचे ऋतुज्ञान पक्के होते एवढे खास.

आता या चित्राची दुसरी बाजू, जी गतकाळाचे गोडवे गाणारे लेखक सहसा पालथी ठेवतात. हे सर्व कुटणे-दळणे कोण करीत होते? पहाटेच्या चारच्या ठोक्याला जात्याशी बसणारी सून. आणि उच्चवर्णीयांच्या घरांत बहुधा ती बालविधवा आत्या किंवा काकू, जिचे केस नापिताकडून काढविलेले, जिला शिकेकाई नको, तेल नको, हळदकुंकू तर नव्हेच, आणि जिच्या हातचे उटणे मात्र घरातील साऱ्या सुवासिनींच्या अंगाला. ताटातही तिचे सुख तितकेच बेतलेले. एकभुक्त, अळणी, कांदालसणावाचून. अन्नभोग आणि स्नानभोग एकाच कोठीत होते, तसे त्यांचे निषेधही एकाच कोठीतून निघत. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून आगरकरांनी ज्या रूढींवर शस्त्र धरले त्यांत केशवपन होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न धरण्याचा निश्चय केला. आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी जो अनाथ बालिकाश्रम काढला व पुढे हिंगण्यास नेला, तेथे केस राखलेल्या विधवेला आंघोळीसाठी शिकेकाई मिळाली ही गोष्ट मला त्या संस्थेच्या कोणत्याही अहवालाइतकी महत्त्वाची वाटते. सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास लिहिताना ती कोणाला नाकारली हे न लिहिणे म्हणजे खतावणीतील फक्त जमेची पाने वाचणे होय.

शेतमजुराच्या आणि गावकुसाबाहेरच्या घरांत तर यादीच आखूड. केसांना नदीकाठची चिकणमाती, दातांना राखुंडी नाही तर कडुनिंबाची काडी, अंगाला वर्षातून दिवाळीला तेलाचे बोट, टाचेला खडबडीत दगड. अन्न भाकरी, कोरड्यास आणि आंबील. त्या अन्नाची आज थोरवी गायली जाते आणि नाचणीच्या आंबिलीला शहरात भाव चढला आहे. परंतु ज्यांनी ती दुसरे काही नव्हते म्हणून प्याली त्यांच्या पोटाला ती आरोग्यदायी वाटली की अपुरी, हे त्यांनाच विचारावयास हवे होते.

या जुन्या व्यवस्थेला पहिला धक्का साबणाने दिला. १८८८ च्या सुमारास लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली, आणि पुढल्या काही वर्षांत इंग्रजी साबणाच्या वड्या मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसू लागल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात त्यांना सहज प्रवेश मिळाला नाही. चरबीची शंका आडवी आली. साबण आधी पुरुषांच्या हजामतीच्या पेटीत शिरला, तेथून न्हाणीघराच्या कोनाड्यात, आणि देवघराच्या हद्दीबाहेर बराच काळ ताटकळला. अर्देशिर गोदरेज यांनी प्राणिज चरबीला फाटा देऊन वनस्पतिजन्य तेलांपासून साबण तयार केला आणि १९१८ च्या सुमारास तो बाजारात आणला, तेव्हा त्यात स्वदेशीचा अभिमान जितका होता तितकीच या शंकेची पारखही होती. लागलीच १९१९ मध्ये पाटणवाल्यांचे अफगाण स्नो हे चेहऱ्याचे मलम आले, आणि सायीची वाटी न्हाणीतून हळूहळू मागे सरली. चुलीच्या बाजूनेही वेढा पडतच होता. १९३७ मध्ये डालडा आले आणि तुपाच्या बरणीशेजारी पत्र्याचा पिवळा डबा बसला.

गिरणीचा धक्का त्याहून खोल होता, मात्र ज्यांना तो बसला त्यांनी शोक केल्याचे आढळत नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेचे जाते थांबले. त्याबरोबर ओव्या थांबल्या म्हणून विद्वानांनी हळहळ व्यक्त केली. दळणाऱ्या बायकांनी दोन तास अधिक झोप घेतली. उटण्याला आणि शिकेकाईला गिरणीवाला मात्र हात लावू देईना, कारण पुढल्या गिऱ्हाइकाच्या पिठाला त्याचा वास लागावयाचा; म्हणून ती मिरची-मसाल्याच्या डंकाकडे गेली, आणि तेथेही शिकेकाईचा दिवस वेगळा. ज्यांनी शिकेकाई कांडली जात असताना डंकाच्या दारात उभे राहून शिंकांची सरबत्ती अनुभवली आहे त्यांना हा बंदोबस्त अन्यायाचा वाटणार नाही.

छापखान्याने याच सुमारास आणखी एक वाटणी केली. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ प्रसिद्ध झाले आणि मराठी स्वयंपाक पुस्तकात आला. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्रा’ने हजार पाकक्रिया घरोघर पोचविल्या. वनस्पतींचे आणि घरगुती औषधांचे ज्ञान शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी दुसऱ्या कपाटात नेऊन ठेवले. जे ज्ञान तोपर्यंत सासूकडून सुनेकडे तोंडी, आणि बऱ्याचदा टोमण्यांसह, जात असे त्याला आता अनुक्रमणिका मिळाली. आणि अनुक्रमणिका म्हटली की प्रकरणे वेगळी पाडावीच लागतात.

शतकाच्या उत्तरार्धात घरगुतीपणा हाच विकावयाचा माल झाला. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा व्याप उभा राहिला. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात कामगारांना खानावळीचे डबे पुरविणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. ज्या कामाला घरात मोल नव्हते त्याला बाजारात दर मिळाला, ही माझ्या मते त्या काळातील मोठी घटना होय. उटण्याची पुडी विकत आणावी लागते म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी ती बांधणाऱ्या बाईच्या पासबुकाकडेही पाहावे. टाटा ऑइल मिल्सच्या मोती साबणाने तर दिवाळीच्या अभ्यंगावरच हक्क सांगितला, आणि आज अनेक घरांत उटण्याचे एक बोट केवळ शास्त्रापुरते लावून उरलेले स्नान त्या गोल वडीवर उरकते.

आणि येथेच तो मागे सोडलेला प्रश्न उपस्थित झाला. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला सुरू केलेल्या विको कंपनीने पुढे हळदीचे मलम बाजारात आणले, तेव्हा ते सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून अबकारी खात्याशी जो वाद सुरू झाला तो दशकानुदशके चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. कारण औषधाचा कर निराळा आणि प्रसाधनाचा निराळा. अखेर ते औषधच ठरले. खात्याची बाजू मला हास्यास्पद वाटत नाही. कर बसवावयाचा तर वस्तू कोणत्या सदरात मोडते ते ठरवावेच लागते, आणि हळदीने आजवर कोणत्याही एका सदरात राहण्याचे मान्य केलेले नाही.

तीच भिंत आता लहानात लहान उद्योगापर्यंत उतरली आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर जे बचत गट गावोगावच्या प्रदर्शनांतून भाजणी, मेतकूट, नाचणीचे सत्त्व आणि उटणे एकाच मेजावर मांडतात, त्यांचे खाद्यपदार्थ २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कक्षेत येतात, तर विक्रीसाठी केलेले उटणे प्रसाधन म्हणून १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याकडे पाहते, आणि त्यावर ‘आयुर्वेदिक’ असा शब्द छापला की अटी पुन्हा बदलतात. गटाच्या सचिव बाईंना म्हणून दोन निरनिराळ्या कायद्यांची कलमे समजून घ्यावी लागतात, दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांपुढे अर्ज करावे लागतात. मग दोन्हींसाठी आणलेली हळद सांगलीच्या एकाच आडतीवरच्या एकाच पोत्यातली का असेना.